भरलेली ताटली

शाहूपुरीतल्या मगदुमांच्या घरात मांजराच्या पोटाचा कायदा आव्वानं केला होता, आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. कायदा साधा होता. जिन्याखालची जर्मनची ताटली दिवसभर भरलेली पाहिजे. दूधभात असो नाहीतर दुधात कुस्करलेली चपाती असो, ताटलीचा तळ दिसता कामा नये. पोट भरलेलं असलं की मांजर जीव मारत नाही, आणि पाळलेल्या मांजरानं मारलेल्या उंदराचं पाप पाळणाऱ्याला लागतं, असं आव्वाचं म्हणणं. भरल्या पोटीसुद्धा मांजर उंदराला खेळवून खेळवून मारतं, हे ज्याच्या घरी मांजर आहे त्या कुणालाही ठाऊक असतं. पण आव्वाला ते सांगणार कोण?

सून चंदना सांगू शकली असती, पण तिनंही कधी सांगितलं नाही. तिचं माहेर वारणानगरच्या कामगार कॉलनीतलं. तिथं मांजराला सकाळी एकदा आणि दिवस मावळायच्या आधी एकदा घालायचं. खाल्लं तर खाल्लं, नाहीतर ताटली उचलून घासायला टाकायची, अशी तिच्या आईची शिस्त. "दिवसभर अन्न उघडं ठेवलं की कोण खातंय नि कोण उपाशी हाय, काय कळत न्हाय," असं आई म्हणायची. चंदनाला ते पटलेलं होतं. पण सासरी आल्यावर तिनं आईची शिस्त गुंडाळून ठेवली आणि आव्वाची ताटली भरत राहिली. बायका असं बरंच काही गुंडाळून ठेवतात.

बोका पिवळा होता आणि त्याचं नाव शेट. तळमजल्यावर पार्श्वनाथचं, म्हणजे चंदनाच्या नवऱ्याचं, पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. तिथं गल्ल्याशेजारच्या गादीवर हा दिवसभर लोळायचा आणि गिऱ्हाइकाकडं एक डोळा उघडून बघायचा, म्हणून शेट. पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि माणसांच्या खोल्या, आणि गच्चीला लागून एक खोली आव्वाची. त्या खोलीला पश्चिमेला खिडकी होती. आव्वानं ती मुद्दाम मागून घेतली होती. दिवस कधी मावळतो ते तिला घड्याळात बघायचं नव्हतं, डोळ्यांनी बघायचं होतं. मावळतीनंतर तिनं लग्नाआधीपासून कधी अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब तोंडात घातला नव्हता. घरात सगळेच दिवस मावळायच्या आत अंथऊ, म्हणजे संध्याकाळचं जेवण, करून घ्यायचे. पण पार्श्वनाथ दुकानाच्या घाईत कधी उशीर झाला तर मावळल्यावरही चार घास उरकायचा. आव्वाचं तसं नव्हतं.

दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यात आव्वाचं पोट दुखायला लागलं, आणि गणपतीच्या सुमारास डॉक्टरांनी पार्श्वनाथला बाजूला घेऊन सांगितलं की यकृताचा कॅन्सर आहे, पसरलाय, ह्या वयात कापाकापी नको. पार्श्वनाथनं घरी येऊन सांगितलं, आव्वाला सूज आहे, औषधानं जाईल. आव्वानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला जे समजायचं ते समजलं.

चार दिवसांनी तिनं सरळ विषय काढला. "पार्श्वा, मला मुनिमहाराजांकडं घेऊन चल. सल्लेखना घ्यायची हाय. हळूहळू अन्नपाणी सोडते, शांतीनं जाते."

पार्श्वनाथ जो उसळला तो गल्लीला ऐकू गेला. "माझी आई उपाशी मरणार? मी जिवंत असताना? डोक्यात काय शिरलंय तुझ्या?"

"उपाशी मरणं येगळं, सोडणं येगळं."

"मला नको शिकवू. आज्जानं बी घेतलेली, कसा गेला ते ठाऊक हाय मला. पाणी पाणी करत गेला. मी ऐकलंय ह्या कानांनी, अजून ऐकू येतं."

यावर आव्वा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तरीही तिनं एका नात्यातल्या माणसाकरवी महाराजांकडं निरोप धाडला. घरच्यांची संमती असल्याशिवाय व्रत देता येणार नाही, असं उत्तर आलं. पार्श्वनाथला ते कळलं तेव्हा तो त्या नातलगाच्या दारात जाऊन भांडून आला. मग त्यानं घरात स्वतःचा कायदा केला. आव्वाचं ताट दोन्ही वेळेला वर गेलंच पाहिजे आणि रिकामं खाली आलंच पाहिजे. तो दुकानातून जेवायला वर आला की हात धुवायच्या आधी विचारायचा, "ताट रिकामं आलं?" चंदना म्हणायची, "आलं." मग त्याचा चेहरा जरा सैल व्हायचा आणि तो जेवायला बसायचा. आईवर जीव होता त्याचा. त्या जिवापायी तो घरातल्या सगळ्यांवर ओरडायचा, एवढंच.

ताटं खरंच रिकामी येत होती. सुरुवातीला थोडं उरायचं, दिवाळीनंतर तेही उरेना. चंदनाला बरं वाटलं. बाईचं दुखणं वाढतंय पण तोंडाला चव आहे, हेही काही कमी नाही, असं ती शेजारच्या बसम्माला म्हणालीसुद्धा. आव्वा मात्र वाळत चालली होती. अंगावरचं पातळ तिच्यापेक्षा जड वाटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हा रोगच असा आहे, खाल्लेलं अंगी लागत नाही. सगळ्यांना ते पटलं. पटवून घ्यायला ते सोयीचं होतं.

त्याच दिवसांत शेट बिघडला. जिना चढताना धापा टाकायचा, आणि एक-दोनदा तर दुकानाच्या गादीवरच ओकला. जिन्याखालच्या ताटलीला तोंड लावेना. दूधभात तसाच वाळून जायचा, त्याला मुंग्या लागायच्या. पार्श्वनाथ म्हणाला, "ह्याला बी काय रोग झाला की काय! दाखवून आण." चंदनानं त्याला भाजीच्या पिशवीत घातलं, वरून चेहरा तेवढा बाहेर ठेवला, आणि रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात सगळा कारभार म्हशी-बैलांचा. मांजर घेऊन आलेली बाई बघून बाकावरची माणसं गालात हसली. डॉक्टर हंबीरराव म्हणून होते, अंगानं धिप्पाड आणि बोलायला फटकळ. त्यांनी शेटचं पोट दाबलं, जबडा उघडला, कान बघितले आणि पिशवीत परत ठेवलं.

"ताई, ह्याला काय बी झालेलं न्हाय. ह्याला जेवण जास्त झालंय."

"पण डॉक्टर, हा जेवतच न्हाय. ताटली भरलेली असते, तोंड लावत न्हाय."

"दिवसभर ताटली भरून ठेवता व्हय? ही काय म्हैस हाय, चरायला सोडायला? दोन टायमाला घाला. अर्ध्या तासानं ताटली उचला. मग कळंल, खातोय का न्हाय." एवढं बोलून ते पुढच्या माणसाकडं वळले आणि परत मागं वळले. "आणि एक सांगतो. तुमच्या ताटलीत न्हाय खाल्लं, तर ह्यो दुसरीकडं कुठंतरी पोटभर जेवतोय. हवेवर एवढी चरबी चढत न्हाय. कुणाच्या घरात जातो बघा."

चंदना रिक्षात बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. बोका चांगलाच जड होता. तो शेजारी जात नव्हता, हे तिला ठाऊक होतं. बसम्माच्या घरी कुत्रं होतं. दुकानातून तो सरळ जिना चढून वर जायचा, गच्चीपर्यंत. रिक्षा दसरा चौकातून वळेपर्यंत आव्वाची रिकामी ताटं चंदनाच्या डोळ्यांपुढं आली. दिवसभर अन्न उघडं असलं की कोण खातंय ते कळत नाही. आई म्हणायची ते ताटलीपुरतंच आहे असं ती इतकी वर्षं समजत होती.

घरी आल्यावर तिनं जिन्याखालची ताटली उचलली, घासली आणि फळीवर पालथी घातली. दुपारी आव्वाचं ताट वर पोचवून ती पायांचा आवाज करत खाली आली, आणि थोड्या वेळानं चपला काढून, आवाज न करता परत वर गेली. दार किलकिलं होतं. आव्वा कुशीवर वळली होती. ताट खाटेखाली फरशीवर होतं आणि त्याच्यासमोर शेट. आव्वा काडीसारख्या बोटांनी भाताचे लहान लहान घास करून त्याच्यापुढं सरकवत होती आणि कानडीत हळूहळू म्हणत होती, "ऊट माड, बाळा, ऊट माड." जेव, बाळा, जेव. बोका कंटाळल्यासारखा खात होता.

"आव्वा, हे काय चाललंय?"

आव्वा दचकली नाही. "दार लाव," म्हणाली.

चंदनानं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. तिला राग आला होता, इतका की डोळ्यांत पाणी आलं. रोज पहाटे उठून हिच्यासाठी मऊ भात शिजवायचा, कमी तिखटाची आमटी वेगळी काढायची, आणि ही ते बोक्याला घालते!

"कधीपास्नं?"

"दिवाळी झाली तवापास्नं. आधी चपाती सोडली, मग भात. आता सकाळचं घोटभर दूध नि पाणी. दूध बी सोडायचं हाय."

"मी त्यांना सांगणार."

"सांग की." आव्वानं उशीवर डोकं टेकलं. बोलायलाही तिला दम लागत होता. "मग काय हुईल? दवाखान्यात न्हेतील. नाकात नळी घालतील. मावळल्यावर बी त्या नळीतनं वततील. जलमभर पाळलं ते नळीतनं मोडंल. सांग जा."

चंदना हलली नाही. "महाराजांनी व्रत दिलं न्हाय तुम्हाला. मग ह्याला काय म्हणायचं?"

"काय बी म्हणू नको. चोरून केलेल्याला व्रत म्हणत न्हाईत, एवढं मला बी कळतं. पर वाट कुठली ठेवली त्यानं मला?"  बोका खाटेवर चढला आणि तिच्या पायांशी मुटकुळं करून झोपला. "पार्श्वा म्हणतो ते खरं हाय. त्याचा आज्जा पाणी पाणी करत गेला. मी तरणी सून, पार्श्वा लहान. पाण्याचा तांब्या घेऊन दारात हुबी. मोठी माणसं म्हणाली, ते बोलत न्हाईत, त्यांचा देह बोलतोय, देऊ नका. आणि मी तांब्या खाली ठिवला. तवापास्नं तो तांब्या माझ्या हातात हाय बघ."

चंदना खाटेशी येऊन बसली. सासूच्या तोंडून इतक्या वर्षांत तिनं एवढं सलग काही ऐकलं नव्हतं.

"म्हणून सांगते तुला," आव्वा म्हणाली. "मला थांबवू नको. पर मी मागितलं तर दे. देह बोलतोय का मी बोलतीया, हे ठरवत बसू नको. लगोलग दे. हातावर हात ठेव."

"आणि न्हाई मागितलं तर?"

"तर गप बस."

चंदनानं हातावर हात ठेवला. तो हात गार होता आणि त्यात हाडाखेरीज काही नव्हतं. खाली आल्यावर पार्श्वनाथनं विचारलं, "ताट रिकामं आलं?" ती म्हणाली, "आलं." ते खोटं नव्हतं. ताट खरोखरच रिकामं आलं होतं, आणि कुणी रिकामं केलं ते त्यानं विचारलं नव्हतं. पुढचे दिवस चंदनानं ह्याच आधारावर काढले. ताट आपण रिकामं केलं असतं तर ते खोटं झालं असतं, बोक्यानं केलं तर नाही, असा हिशेब तिनं मनाशी मांडला होता. आपणच आपल्याला फसवायचं झालं तर माणूस कुठवर जातो, त्याला काही मोजमाप नाही.

तेव्हापासून ती रोज स्वतः शेटला ताटाबरोबर वर न्यायची. जिन्याखालची ताटली फळीवर पालथीच राहिली. त्याला दोन वेळा वर जेवण मिळतच होतं, आणि डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. आव्वाच्या उशाशी स्टुलावर मात्र तिनं पेजेची एक वाटी ठेवायला सुरुवात केली. मागितली की लगोलग द्यायची, जिना उतरून चढून यायचा वेळसुद्धा जायला नको. सकाळी ताजी, दुपारी ताजी, तिसऱ्या प्रहरी ताजी. वर झाकण, झाकणावर पितळी फुलपात्र. बोक्याचं चरणं बंद करून तिनं आव्वाच्या उशाशी दिवसभराचं अन्न मांडलं होतं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

आव्वानं त्या वाटीकडं कधी बघितलं नाही. दूधही सुटलं. चंदनाला आता एकच भीती होती, की आव्वा मागेल तेव्हा आपण जवळ नसू. स्वयंपाक करताना तिचे कान वर लागलेले असायचे. कपडे ती गच्चीतच, खोलीच्या दाराशी बसून धुवायला लागली. आणि एक इच्छा तिच्या मनात अशी होती की ती तिनं स्वतःशीही बोलून दाखवली नव्हती. आव्वानं मागावं असं तिला वाटत होतं. एकदा तरी मागावं, आपण द्यावं, आणि हे सगळं संपावं.

पौषात एका सोमवारी दुकान बंद होतं. त्या दिवशी दुपारी पार्श्वनाथ स्वतः आईचं ताट घेऊन वर गेला. शेट पायांत घुटमळायला लागला तर त्यानं त्याला बाहेर काढून दार लावलं. चंदना जिन्यात उभी राहून ऐकत होती. "आव्वा, आ कर. एक घास. माझ्यासाठी एक." आव्वानं त्याच्यासाठी तोंड उघडलं असावं, कारण थोड्या वेळानं खोकला ऐकू आला, मग ठसका, मग पार्श्वनाथची धावपळ. तो भरलेलं ताट घेऊन खाली आला. ताट त्यानं ओट्यावर ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पाठीमागून त्याचे खांदे हलताना दिसत होते.

"घास गिळत न्हाय ती चंदना. काल रिकामं आलं, आज गिळत न्हाय. उद्या सकाळी दवाखान्यात न्यायची. नळी घालावी लागली तरी चालंल."

चंदना म्हणाली, "बरं."  ताटातलं अन्न तिनं कामवालीला देऊन टाकलं. सगळ्या धांदलीत बोक्याची आठवण कुणालाच राहिली नाही. जन्मापासून पोटभर खाणारा तो बोका त्या दिवशी दुपारी पहिल्यांदा उपाशी राहिला. जिन्याखाली जाऊन आला, तिथं ताटली नव्हती.

तिसऱ्या प्रहरी चंदनानं ताजी पेज वर नेऊन ठेवली आणि ती अंथऊच्या तयारीला खाली आली. थंडीचे दिवस, ऊन लवकर तांबडं होत होतं. पार्श्वनाथला वाढून ती लगेच परत वर गेली. आव्वाचे डोळे उघडे होते, स्वच्छ होते. कितीतरी दिवसांनी ती चंदनाकडं ओळखीनं बघत होती.

"चंदना. पेज दे गं. भूक लागली."

इतकं सरळ, एखाद्या नेहमीच्या दिवशी मागावं तसं. चंदनाचा जीव एकदम हलका झाला. दवाखाना नको, नळी नको, व्रत नको, काही नको. खाऊ दे हिला. "देते, देते आव्वा," म्हणत तिनं स्टुलाकडं हात नेला. झाकण तिथं नव्हतं. झाकण फरशीवर होतं, फुलपात्र खाटेखाली लोळत होतं. वाटी चाटूनपुसून लख्ख झाली होती. खिडकीच्या कट्ट्यावर शेट पंजानं तोंड पुसत बसला होता.

ती खाली धावली. जिन्यात एक पायरी चुकली, घोट्यात कळ आली. स्वयंपाकघरात पेज उरली नव्हती. दूध होतं, भात होता. तिनं पातेलं गॅसवर ठेवलं, हातानं भात कुस्करून दुधात टाकला, फुंकून फुंकून ढवळायला लागली. पार्श्वनाथ पानावर बसला होता.

"काय झालं?"

"आव्वा मागत्यात. भूक लागली म्हणत्यात."

"मागितलं? स्वतःच्या तोंडानं मागितलं?" तो तसाच उष्ट्या हातानं उठला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते चंदनाला बघवेना. "मग बरी होणार की ती! तूप घाल थोडं. थांब, मी देतो काढून." तो डबे उघडून तूप शोधायला लागला. त्याला घरात तूप कुठं असतं ते ठाऊक नव्हतं. चंदना त्याला "राहू द्या" म्हणाली, वाटीत ओतलं, पदरानं धरलं आणि लंगडत जिना चढली.

खिडकीत फक्त तांबडं उरलं होतं. समोरच्या गच्च्यांमागं सूर्य गेला होता. आव्वा खिडकीकडं बघत होती. चंदनानं चमचा भरून ओठांशी नेला. आव्वानं ओठ मिटून घेतले.

"आव्वा, घ्या. तुम्हीच मागितलं की."

"गेला. मावळला."

"अजून उजेड हाय की. हे बघा, सगळं दिसतंय. एक घास घ्या. मी शपथ घेतली हाय तुमची, तुम्ही मागितलं तर देणार म्हणून."

"उजेडाला खात न्हाईत," आव्वा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रोजच्यासारखी एक गोष्ट ती सांगत होती. "दिवसाला खात्यात. सकाळी दे."

"मग पाणी तरी."

आव्वानं नुसती मान हलवली. नंतर हात वर करून चंदनाच्या गालाला लावायला गेली, तो अर्ध्यातच पडला. "सकाळी दे, हं. भूक लागली हाय मला खरी." चंदना तिथंच चमचा हातात धरून बसली आणि रडली. ती आवाज न करता रडली, कारण खाली पार्श्वनाथ जिन्याशी उभा होता.

"खाल्लं का गं?" त्यानं खालून विचारलं.

नाही म्हटलं असतं तर त्यानं आत्ताच गाडी काढली असती. रात्रीच नळी. रात्रीच मोडलं असतं सगळं. चंदनानं वाटीकडं बघितलं. मग ती वाटी तिनं खिडकीच्या कट्ट्यावर शेटपुढं ठेवली. त्यानं थोडं हुंगलं आणि चाटायला सुरुवात केली. त्याचं संपेपर्यंत ती थांबली, मग रिकामी वाटी घेऊन खाली गेली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"व्हय. सगळं खाल्लं."

आजवर ती एकदाही खोटं बोलली नव्हती, हा तिचा हिशेब तिथं संपला.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी आव्वा गेली. चंदना शेजारीच होती. पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. तिनं स्टोव्ह गच्चीतच आणून ठेवला होता, पेज ऊन ठेवली होती, सूर्य दिसला की लगेच द्यायची म्हणून. सूर्य वर आला तेव्हा ती पेज तशीच होती.

माणसं जमली. दुकानाच्या शटरवर काळी पाटी लागली. येईल त्याला पार्श्वनाथ सांगत होता, रडत रडत, पण आतून कुठंतरी समाधानानं, "उपाशी गेली न्हाय माझी आई. आदल्या संध्याकाळी स्वतःच्या तोंडानं मागून घेतलं, वाटीभर खाल्लं. चंदनानं शेवटपर्यंत तिचं ताट कधी भरलेलं परत येऊ दिलं न्हाय." बसम्मा चंदनाचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "यव्वा, अशी सून मिळायला पुण्य लागतं." म्हाताऱ्या बायका माना हलवत होत्या. चंदना खाली बघत होती. आव्वानं सोडलं होतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून तिचा मान कुणी केला नाही. आव्वानं मागितलं होतं आणि तिला मिळालं नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. व्रत पुरं झालं नाही आणि जेवणही झालं नाही. ह्या दोन्हींच्या मधला तो एक घास चंदनाच्या हातात राहिला, आणि तो कुणापुढं टाकायचा हे तिला उरलेल्या आयुष्यात कधी कळलं नाही.

सुतक सरल्यावर एका दुपारी पार्श्वनाथ जिन्याखाली उभा राहून म्हणाला, "चंदना, इथली ताटली कुठं गेली?"

"डॉक्टरांनी उचलायला सांगितली होती. दोन वेळाच घालायचं म्हणाले."

"डॉक्टरला काय कळतंय? आव्वा काय म्हणायची? ताटली भरलेली पाहिजे, पोट भरलेलं असलं की तो कशाला तोंड लावत न्हाय. तिचं एवढं तरी पाळू की आपण."

 चंदनानं फळीवरची ताटली खाली घेतली, धूळ पुसली, दूधभात कालवून काठापर्यंत भरली आणि जिन्याखाली पहिल्या जागी नेऊन ठेवली. शेट गादीवरून उठून आला. त्यानं ताटलीचा वास घेतला, चंदनाकडं एकदा बघितलं, आणि जिना चढून गच्चीवरच्या खोलीकडं निघून गेला. त्याला भूक नव्हती.